जाड एजचं खूळ: तीन बॅटी आणि एक गेज

१७ एप्रिल २०२५

परवा मुल्लानपूरला पंजाबनं १११ धावा केल्या आणि कोलकात्याला ९५ मध्ये गुंडाळलं. एवढी मॅच झाली, पण ओंकारच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: कोलकात्याच्या सुनील नारायणची बॅट गेजमधून, म्हणजे माप तपासायच्या साच्यातून, गेली नाही आणि नंतर नॉर्कियेलाही बॅट बदलावी लागली. या आयपीएलमध्ये अंपायर मैदानावरच गेज काढून बॅट तपासायला लागलेत. एज, म्हणजे पात्याच्या कडेची जाडी, मर्यादेबाहेर असली की बॅट बाद.

"मामा, बंदी घालतात म्हणजे त्या एजमध्ये काहीतरी असणारच की!"

भाच्याचं म्हणणं असं की त्याला नवी बॅट हवी आहे, आणि तिची एज चाळीस मिमीला टेकलेलीच हवी. दुकानात पोरं बॅट हातात घेतात, उभी न धरता आडवी करतात आणि आधी एज बघतात. आमच्या वेळी ग्रेन्स, म्हणजे लाकडातल्या उभ्या रेषा, मोजायचो. तेही तसं खूळच होतं.

मी बावीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या साचे-अवजारं करणाऱ्या खात्यात, आहे. बॅटिंगबद्दल माझं मत कुणी विचारू नये, क्लबात मी आठव्या नंबरच्या वर कधी गेलो नाही. पण अंपायरच्या हातातलं ते गेज म्हणजे आमच्या रोजच्या 'गो–नो गो'चाच (माप बसतं की नाही एवढंच सांगणाऱ्या गेजचाच) भाऊ, आणि ते बघून हात शिवशिवले. प्रश्न साधा ठेवला आहे: वजन तेवढंच असताना एज जाड केली तर बॉल जास्त लांब जातो का? जात असेल तर पात्याच्या कुठल्या जागेवरून?

मे महिन्याच्या सुट्ट्या, घराची गच्ची आणि तीन बॅटी, एवढ्यात बसवायचं.

२० एप्रिल

बॅटी ठरल्या.

अ: माझी १९९४ ची. इंग्लिश विलो (बॅटीचं लाकूड), दोनदा हँडल बदललेलं, पातं तेच.
ब: ओंकारची गेल्या दिवाळीतली. इंग्लिश विलो, मेरठची.
क: काश्मीर विलो, स्वस्तातली, नेटसाठी घेतलेली.

नियम आधी वहीत उतरवून घेतला. एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम करणाऱ्या इंग्लंडच्या क्लबच्या) नियमावलीतला पाचवा नियम: लांबी ९६.५ सेंमीच्या आत, रुंदी १०.८, जाडी ६.७ आणि एज ४.० सेंमी. लांबी-रुंदी जुनीच, जाडी आणि एजची मर्यादा १ ऑक्टोबर २०१७ पासूनची. तिची शिफारस करणारी एमसीसीच्या समितीची बैठक डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतच झाली होती. ६७ मिमीचा हिशेब मजेदार आहे. प्रत्यक्ष लाकडाला ६० धरले आणि वरचे ७ पात्याच्या समोरच्या बाजूला येणाऱ्या बाकासाठी सोडले. बॅट कधीच सपाट नसते, हे नियम करणाऱ्याला माहीत होतं म्हणायचं.

सहा मिमीच्या प्लायमध्ये गेज कापलं. पुढची बाजू सरळ, मागे मधोमध शेंडा, दोन्ही अंगांना चाळीसचे खांदे. रुंदीला अर्धा मिमी ढिलं ठेवलं.

मापं (व्हर्नियरनं, स्वीट स्पॉटच्या, म्हणजे फटका सगळ्यात चांगला बसतो त्या जागेच्या, आसपास तीन ठिकाणी घेऊन सरासरी):

अ: एज २१ मिमी, मध्ये ५२. वजन १,१८० ग्रॅम.
ब: एज ३८.५, मध्ये ६४. वजन १,१७५ ग्रॅम.
क: एज ४१.५, मध्ये ६६. वजन १,२१० ग्रॅम.

क गेजमध्ये अडकली! नेटसाठी घेतलेली बॅट, तीच बेकायदा. ओंकार इतका खूश झाला की मला तिचं पुढे काय करायचं आहे ते आज बोललो नाही.

पण खरं कोडं अ आणि ब चं आहे. ब ची एज जवळजवळ दुप्पट, पाठ बारा मिमीनं उंच, आणि वजन पाच ग्रॅम कमी! मग लाकूड गेलं कुठे? स्टीलची पट्टी पाठीवर एजपासून मधल्या कण्यापर्यंत (पाठीवरच्या उभ्या उंचवट्यापर्यंत) तिरकी टेकवली. अ वर पट्टी पोटावर डुगडुगते, कारण तिथे लाकूड फुगीर आहे. ब वर पट्टी दोन टोकांना टेकते आणि मध्ये सात मिमीची फट दिसते. म्हणजे एज आणि कणा ठेवून मधलं लाकूड खरवडून काढलंय. पन्हाळीसारखं. तरी तेवढ्यानं हिशेब जुळत नाही. उरलेलं उत्तर नखात मिळालं. ब च्या पाठीवर अंगठ्याचं नख दाबलं की वळ उठतो, अ वर उठत नाही. विलोच हलका निवडलेला, चांगला वाळवलेला, आणि प्रेसमध्ये कमी दाबलेला. वजन तेच, पण आकारमान मोठं.

जाता जाता. भाऊसाहेब निंबाळकर आमच्या कोल्हापूरचे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ कमी असताना समोरच्या संघानं सामनाच सोडला. त्या काळच्या बॅटींची एज अ पेक्षाही बारीक असायची. ओंकारला सांगितलं तर म्हणाला, "त्या वेळी बॉलर पण तसेच असतील." पोरांशी वाद घालू नये.

२७ एप्रिल

आज तोल आणि झोका.

तोल: बॅट स्टीलच्या पट्टीवर आडवी ठेवून कुठे समतोल राहते ते बघायचं. मुठीच्या टोकापासून अ ५०.५ सेंमीवर, ब ५२.२ सेंमीवर. दीड-पावणेदोन सेंमीचा फरक कागदावर काहीच नाही, हातात मात्र लगेच कळतो. डोळे मिटून ओंकारला दोन्ही दिल्या. जड कुठली? त्यानं ब म्हटलं, आणि ब पाच ग्रॅमनं हलकी आहे. दुकानदार 'पिकअप' म्हणतात ते हेच. वजनकाटा एक सांगतो, मनगट दुसरंच.

झोका: मुठीच्या टोकापासून १५ सेंमीवर दोन टोकदार स्क्रूंवर बॅट टांगली आणि लंबकासारखी सोडली. वीस झोके, पाच वेळा मोजून सरासरी. अ ला २८.० सेकंद, ब ला २८.४. त्यावरून जडत्व आघूर्ण (फिरवायला होणाऱ्या विरोधाचं माप) काढलं: अ ०.२०४, ब ०.२१९ किलोग्रॅम-मीटर वर्ग. ब फिरवायला साधारण साडेसात टक्के जड.

म्हणजे जाड एजची पहिली किंमत समजली. लाकूड खाली आणि बाहेर नेलं की तीच बॅट तेवढ्याच जोरात फिरत नाही. सचिनसारखी मनगटं असतील तर जड बॅट परवडते. ओंकारचं वय सतरा आणि वजन छप्पन्न किलो.

१ मे

सुट्टी. आज माझाच मूर्खपणा नोंदवायचा आहे.

बॉल उसळतो किती हे बघायला बॅट बेंच व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) आडवी आवळली, पातं वर, खाली लाकडी ठोकळे. एक मीटरवरून सीझन बॉल सोडला. मध्यावर, मग मध्यापासून तीन सेंमी बाजूला. मोबाइलवर स्लो मोशन, मागे आलेखाचा कागद चिकटवलेला. दोन तास हेच केलं.

निकाल: अ आणि ब मध्ये काडीचा फरक नाही. मध्यावर नाही, बाजूला नाही. मी विजयी मुद्रेनं वही मिटली. जाड एज म्हणजे शुद्ध दिखावा!

संध्याकाळी चहा घेताना ओंकार सहज म्हणाला, "पण मामा, मॅचमध्ये बॅट अशी आवळलेली कुठं असते? कडेला बॉल लागला की हातात गिरकते की ती."

कप खाली ठेवला. बॉल आणि बॅट एकमेकांना चिकटून असतात साधारण एक हजारांश सेकंद. तेवढ्यात मुठीवरच्या हाताला काही कळतही नाही. त्या क्षणापुरती बॅट हवेत मोकळीच असते. ती मागे सरते, लांबीत वळते आणि कडेला लागलं तर स्वतःच्या लांब अक्षाभोवती गिरकते. मी व्हाइसमध्ये आवळून नेमकं तेच बंद केलं होतं. व्हाइसमधली बॅट म्हणजे अख्ख्या टेबलाच्या वजनाची बॅट. मोजायचं होतं तेच घट्ट बांधून ठेवलं आणि फरक नाही म्हणून नाचलो. बावीस वर्षं टूलरूम!

व्हाइसमधली सगळी मापं लाल पेनानं खोडली.

४ मे

आता सगळं मोकळं.

पहिलं काम गिरकीचं. चार सेंमीच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या दोन टोकांना दोन दोरे, दोऱ्यांची लांबी एक मीटर, पट्टी मुठीच्या टोकाला घट्ट बसवलेली. बॅट उभी टांगायची, किंचित पीळ द्यायचा, सोडायचं. स्वतःभोवती मागेपुढे डोलते. वारा नको म्हणून गच्चीवरून जिन्यात आणली. ताईनं विचारलं की बॅटीला दृष्ट काढताय का.

दहा हेलकावे: अ ला २५.४ सेकंद, ब ला २८.४. हिशेब केला तर ब गिरकवायला अ पेक्षा साधारण २४ टक्के अवघड. इथे पहिल्यांदा आकडा मोठा आला. स्केटिंगवाला हात पसरतो तेव्हा गिरकी मंदावते, तसंच: लाकूड मधल्या रेषेपासून जितकं लांब, तितकी बॅट कडेच्या माराला कमी वळते. आणि अंतराचा वर्ग होतो, त्यामुळे कडेचे दहा ग्रॅम मधल्या दहा ग्रॅमपेक्षा कितीतरी भारी पडतात.

दुसरं काम टकरीचं. बॅट दोन दोऱ्यांनी उभी लटकवली, बॉलला खिळा ठोकून दोरी बांधली (जुना बॉल, पाप नको), एक मीटर उंचीवरून झोका देऊन पात्यावर सोडला. टोपापासून, म्हणजे पात्याच्या खालच्या टोकापासून, १५ सेंमीवर. परत किती वर येतो ते बघायचं.

मध्यावर: अ वरून साधारण सहा सेंमी, ब वरून सात.
मध्यापासून तीन सेंमी बाजूला: ब वरून जेमतेम दीड सेंमी. आणि अ वरून...

हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण स्लो मोशनमध्ये दहा वेळा बघितलं. बॉल अ च्या कडेला टेकला आणि तिथेच थांबला. मागे आलाच नाही म्हणा ना, अर्धा सेंमी. त्याची सगळी धाव बॅटनं घेतली आणि पातं दार उघडावं तसं फिरून गेलं. बॉल दोरीवर मुकाट लोंबत राहिला. ओंकार ओरडला, "झेल! शॉर्ट लेग!"

११ मे

चार मीटर प्रतिसेकंदाच्या झोक्यावरून मैदानाचं सांगता येत नाही. म्हणून आकडेमोड.

गृहीत धरलेलं: बॉल १६० ग्रॅम, येताना ताशी १०८ किमी. अ चं पातं टकरीच्या जागी ताशी ७२ किमीनं फिरतंय. ब फिरवायला जड म्हणून तिचा वेग दोन टक्के कमी धरला. टकरीचा उसळ-गुणांक (टकरीनंतर किती वेग उरतो ते प्रमाण) दोघींना सारखाच ०.५. (खरं तर ब चा विलो मऊ आहे, तिचा थोडा जास्त असू शकेल. पण मला आकाराचं बघायचं आहे, लाकडाचं नाही.)

बॉल बॅटवरून सुटतानाचा वेग:

मध्यावर: अ १०८, ब ११० किमी.
तीन सेंमी बाजूला: अ ७९, ब ८६ किमी.

म्हणजे मधोमध बसलेल्या फटक्यात एवढ्या गाजलेल्या जाड पात्याचा फायदा दोन किमी. ओंकारनं तो बॉल एरवीही बाहेरच मारला असता. फायदा आहे तो चुकलेल्या फटक्यात: सात किमी, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर. डीप मिडविकेटच्या हातात जाणारा बॉल त्याच्या डोक्यावरून दोरीपलीकडे पडायला तेवढं पुरतं.

मोठ्या बॅटीमुळे फटके लांब गेले असं लोक म्हणतात, पण माझ्या वहीतलं उत्तर वेगळं निघतंय. फटके तेवढेच आहेत, चुका लांब जायला लागल्या. बॉलर चिडतो तो सिक्स बसल्यामुळे नाही, फसवूनही सिक्स बसल्यामुळे. मुंबईतल्या त्या बैठकीत बोट ठेवलं गेलं ते इथेच असावं असं मला हे आकडे बघून वाटतं.

ओंकारनं वही बघितली आणि विचारलं, "मग जाडच चांगली ना?"

थांब म्हटलं.

१८ मे

एजची दुसरी बाजू. ही रात्री जागून सुचली, त्यामुळे सकाळी परत तपासली.

समोरून बघितलं तर एज कितीही जाड असो, बॅट १०.८ सेंमीच रुंद. सरळ बॅटनं खेळलं तर बॉलला दिसणारं लाकूड अ आणि ब चं सारखं. पण सरळ बॅटनं खेळतो कोण? कव्हरला ढकलताना किंवा थर्ड मॅनला उघडून देताना पातं वळलेलं असतं. वीस अंश वळवून बघा. पात्याची रुंदी थोडी झाकली जाते, आणि तिच्या जागी एजची जाडी समोर येते. ढोबळमानानं पातं चौकोनी धरलं तर बॉलच्या वाटेत येणारी रुंदी अ ची १०.८ सेंमी राहते, ब ची जवळजवळ साडेअकरा होते. सहा मिमी जास्त!

आता ऑफ स्टंपच्या बाहेरचा, किंचित बाहेर निघणारा बॉल डोळ्यासमोर आणा. अ हातात असती तर तो बॉल चाटून न जाता नुसताच गेला असता, बॉलरनं डोकं धरलं असतं. ब च्या त्या सहा मिमीला तो लागतो. जोरात लागला तर स्लिपवरून चार, नाहीतर कीपरकडे.

दोरीत बांधलेल्या बॉलनं गच्चीवर हे करून बघितलं. कागदाच्या पट्टीवर खडू लावून एज कुठे लागते ते तपासलं. आकडा तंतोतंत आला नाही, कारण एज गोलसर घासलेली असते, पण चार-पाच मिमीचा फरक सरळ दिसला.

गंमत अशी की रुंदीला कुंपण घालून अडीचशे वर्षं झाली. १७७१ मध्ये इंग्लंडात चर्ट्सी आणि हॅम्बल्डन यांच्या सामन्यात थॉमस व्हाइट नावाचा फलंदाज स्टंप झाकतील एवढी रुंद बॅट घेऊन आला. त्यावर बोंबाबोंब झाली आणि सव्वाचार इंचांचा नियम आला, तोच आजचा १०.८. जाडीला मात्र कुणी हात लावला नाही, कारण जाड केली की जड व्हायची आणि कुणाला उचलायची नाही. वजन हेच त्या काळचं गेज होतं. हलका, कमी दाबलेला विलो आला आणि ते गेज मोडलं.

२५ मे

पाऊस. यंदा मे महिन्यातच घुसला आहे, आठवडाभर गच्ची बंद.

प्लायचं गेज फुगलं. परवा ब अलगद जात होती, आज रुंदीला घासते. टूलरूमवाल्यानं प्लायचं गेज करावं आणि पावसाळ्यात वापरावं, याहून लाजिरवाणं काही नाही. साहेबांना विचारून स्क्रॅपमधला दोन मिमीचा अॅल्युमिनियम पत्रा मागून घेतला.

त्याहून महत्त्वाचं: ब जिन्यात उघडी ठेवली होती, तिचं वजन आज १,१८७. बारा ग्रॅम पाणी प्यायली. अ फक्त चार ग्रॅमनं वाढली. तिला तीस वर्षांत किती वेळा जवसाचं तेल पाजलंय याचा हिशेब नाही. ब च्या टोपाला तेल पोचलंच नव्हतं असं दिसतं. स्टिकर पुढे होता, मग काय.

बॅटी घरात, पंख्याखाली, उभ्या, टोप जमिनीला न टेकवता. आठवडाभर मापं बंद.

८ जून

उघडीप. बॅटींची वजनं जवळपास जुन्या जागी आली. आज क चं ऑपरेशन.

तशीही ती गेजमध्ये बसत नाही, मग तिच्यावरच बघू: वजन तेच ठेवून फक्त एज कमी केली तर काय होतं? आत्तापर्यंत अ विरुद्ध ब बघत होतो, पण त्या दोघींत एजशिवाय दहा गोष्टी वेगळ्या आहेत.

बापूमिस्त्रींकडे गेलो. दारं-खिडक्या करणारा माणूस, पण रंधा असा चालवतात की लाकूड कागदासारखं निघतं. बॅट हातात घेऊन त्यांनी आधी उलटीसुलटी केली, ग्रेन्सची दिशा बघितली.

"बापू, दोन्ही बाजूंनी मागून एज उतरवायची. साडेएकेचाळीसची बत्तीसवर. पुढच्या अंगाला हात लावायचा नाही."

"एवढं चांगलं लाकूड घालवायचं?"

"घालवायचं नाही, मोजायचं. कीस सगळा गोळा करून द्या."

खाली वर्तमानपत्र पसरलं. रंध्याच्या प्रत्येक ओढीला पांढरी, कुरळी रिबीन निघायची आणि बापू ती फुंकर मारून कागदावर ढकलायचे. विलोला वास फारसा नसतो, पण ताज्या कापाला ओल्या काकडीसारखा अगदी पुसट येतो. पाऊण तास लागला. गोळा केलेला कीस ४५ ग्रॅम भरला. जाड एज म्हणतात ती हीच, पंचेचाळीस ग्रॅम कीस.

मग गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी लावतात ती पाच-पाच ग्रॅमची चिकट वजनं घेतली, नऊ, आणि पाठीच्या कण्यावर तेवढ्याच लांबीत एका ओळीत लावली. (फक्त प्रयोगासाठी. अशी बॅट घेऊन कुणी मैदानात उतरू नये, पातं लाकडाचंच लागतं.) वजन परत १,२१०. तोल फरकला नाही.

गिरकीचा प्रयोग परत केला. रंधण्याआधी दहा हेलकाव्यांना २८.६ सेकंद होते. आता २७.७. म्हणजे गिरकीला विरोध फक्त सहा टक्क्यांनी घटला.

सहाच? मी पंधरा तरी धरले होते. तीनदा मोजलं. मग कागदावर आकृती काढली तेव्हा ट्यूब पेटली: कण्यावर लावलेलं वजनही अक्षापासून लांबच आहे की, मागच्या दिशेला! गिरकताना ते सुद्धा फिरतं. मी एजवरून काढलं ते उंच पाठीनं थोडं परत दिलं. लाकूड कुठल्या बाजूला लांब आहे याच्याशी गिरकीला देणंघेणं नाही, लांब आहे एवढं पुरे.

अकराव्या मेची आकडेमोड याच बॅटीवर परत केली, तीन सेंमी बाजूच्या माराला. साडेएकेचाळीसच्या एजला आणि बत्तीसच्या एजला सुटतानाच्या वेगात फरक ताशी दीड किमीलाही पोचत नाही.

म्हणजे अ आणि ब मधली ती सात किमी एकट्या एजची नव्हती. हलका विलो, खरवडलेली पन्हाळ, उंच कणा आणि खाली सरकलेला तोल यांची मिळून होती. एज फक्त बाहेरून दिसते. कणा पाठीमागे, विलोची घनता पोटात आणि प्रेसिंग कारखान्यात राहतं. दुकानात बॅट आडवी धरली की डोळ्यासमोर येते ती एजच, म्हणून तिचाच आकडा स्टिकरवर येतो.

ओंकारला हे पटलं नाही असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटतं. पण क नेटमध्ये घेऊन गेला, वजनं काढून, आणि संध्याकाळी म्हणाला, "हलकी झालीय, नादखुळा लागतोय पुलला." साहजिकच. ४५ ग्रॅम कमी!

२९ जून

ब ला तडा गेला.

इनडोअर नेटमध्ये यॉर्कर, खालच्या बाजूच्या एजला. टोपापासून आठ सेंमीवर, एजच्या मधोमध, केसाएवढी चीर, ग्रेन्सच्या दिशेनं चार सेंमी लांब. ओंकारचा चेहरा बघवत नव्हता.

विकत घेताना दुकानदारानं सांगितलं होतं की नॉकिंग (लाकडी हातोड्यानं, मॅलेटनं, ठोकून लाकूड घट्ट करणं) करूनच दिली आहे, लगेच खेळा. पातं पुढून खरंच ठोकलेलं होतं. एज नाही. मॅलेट एजवर तिरका, हळूहळू गोलाई येईपर्यंत मारावा लागतो. तिथले तंतू दाबले गेले नाहीत तर जाड एज म्हणजे नुसती स्पंजची भिंत. जाड दिसते म्हणून मजबूत वाटते, आणि उलट आहे: एवढा जाड भाग एवढ्या वजनात बसवायचा तर लाकूड मऊच ठेवावं लागतं. माझ्या अ च्या एकवीस मिमी एजवर तीस वर्षांचे लाल डाग आहेत, चीर एकही नाही.

दुरुस्ती: चीर किंचित उघडून पातळ केलेला फेव्हिकॉल सुईच्या सिरिंजनं आत, लाकडी ठोकळे लावून शिकंज्यात चोवीस तास. मग घासून, फायबर टेपचे दोन वेढे. टोपाला तेल, एजला तेल, पुढच्या अंगाला अगदी हलका हात, स्प्लाइसला (हँडल पात्यात बसवलेल्या सांध्याला) अजिबात नाही. मग रोज अर्धा तास मॅलेट, ओंकारनं स्वतः. शेजारच्या काकूंनी दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी विचारलं की मिक्सर बिघडलाय का.

१० ऑगस्ट

अॅल्युमिनियमचं गेज तयार झालं. कडा मोडून घेतल्या, मापं कोरली: १०८, ६७, ४०.

नव्या बॅटीचं ठरलं. दुकानात जाऊन ओंकारनं सात बॅटी काढल्या. या वेळी आधी डोळे मिटून उचलून बघितल्या, मग तोल बोटावर घेतला, मग पाठीवर पट्टी टेकवून पन्हाळ किती खोल आहे ते बघितलं. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. शेवटी घेतली ती ३५ मिमी एजची, १,१४० ग्रॅम, पन्हाळ उथळ. शेजारी ३९ ची होती, तिच्याकडे जाताना दोनदा वळून बघितलं त्यानं. मी काही बोललो नाही.

क बापूंच्या नातवाला दिली. अ परत माळ्यावर न ठेवता दाराजवळ ठेवली आहे.

गेज क्लबच्या अंपायरनी मागून नेलं. काल संध्याकाळी फोन आला: क्लबातल्या अकरा बॅटी तपासल्या, नऊ गेल्या, दोन अडल्या. त्यातली एक सेक्रेटरींच्या मुलाची आहे.

"गेज अर्धा मिमी मोठं करून मिळेल का?" असं ते विचारत होते.